पंख्याला गेलेला तडा : फोर्ट मायर, १७ सप्टेंबर १९०८

वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट मायर या लष्करी तळावर १७ सप्टेंबर १९०८ च्या संध्याकाळी एक विमान कोसळलं. त्यातला प्रवासी तीन तासांच्या आत दगावला. इंजिनाच्या विमानातून जाताना प्राण गमावलेला तो जगातला पहिला माणूस. हे विमान कुठल्या मोठ्या कारखान्यातून आलेलं नव्हतं. डेटन शहरात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी आणि त्यांच्या मिस्त्रीने ते स्वतःच्या हाताने घडवलं होतं.

अपघाताची बातमी आली की आपला पहिला प्रश्न असतो, काय तुटलं? फोर्ट मायरचा घटनाक्रम ओळीने लावून पाहिला की त्याहून महत्त्वाचा प्रश्न समोर येतो : जे तुटलं, ते कशाला जाऊन लागलं? हा प्रश्न त्या संध्याकाळी जितका मोलाचा होता तितकाच आजही आहे, मग विमान गच्चीवर बांधलेलं असो की तीनशे माणसं नेणारं.

नऊ महिने आधी

२३ डिसेंबर १९०७ रोजी अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरने 'हवेपेक्षा जड' उडत्या यंत्रासाठी निविदा काढली. अटी कडक होत्या. यंत्राने दोन माणसं उचलायची. ताशी ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर वेग गाठायचा. तासभर सलग हवेत राहायचं आणि न मोडता उतरायचं. मुंबईहून सुटलेली कर्जत लोकल सहज गाठते तेवढा हा वेग. पण तेव्हा तो आकाशात गाठून दाखवायचा होता. १० फेब्रुवारी १९०८ रोजी करार झाला. किंमत ठरली २५ हजार डॉलर.

त्याच वर्षी फ्रान्समध्येही प्रात्यक्षिकं दाखवायची होती. त्यामुळे भावांनी कामं वाटून घेतली. विल्बर फ्रान्सला गेले, ऑरव्हिल वॉशिंग्टनला. एरवी दोघं प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक तारेवर वाद घालत, एकमेकांचं काम तपासत. या मोहिमेत ऑरव्हिल यांच्या हाताशी चार्ली टेलर आणि चार्ल्स फर्नस हे दोन मिस्त्री होते, पण भाऊ समुद्रापार होता.

चौदा दिवस आधी

३ सप्टेंबर. फोर्ट मायरच्या परेड मैदानावर ऑरव्हिल यांनी पहिलं उड्डाण केलं. ते जेमतेम १ मिनिट ११ सेकंद टिकलं. मैदान लहान होतं, सुमारे ३०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद. एका बाजूला आर्लिंग्टनचं लष्करी कब्रस्तान. एवढ्या जागेत फेऱ्या मारायच्या म्हणजे सतत वळत राहायचं.

विमानाची रचना इथे समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. एकावर एक असे दोन पंख. चार सिलिंडरचं एकच इंजिन. त्याची ताकद साखळ्यांमधून मागच्या दोन लाकडी प्रोपेलरपर्यंत जायची. साखळी आणि दातेरी चाकं ही कल्पना सायकलवाल्या घराला अगदी जवळची. प्रोपेलर पंखांच्या मागे असल्यामुळे ते विमानाला ढकलायचे. त्यांच्याही मागे उभं सुकाणू होतं. चढउताराचं आडवं सुकाणू मात्र वैमानिकाच्या पुढे होतं. मागचं सुकाणू ताठ उभं राहावं म्हणून त्याला तारांनी ताणून धरलेलं होतं आणि त्यातल्या काही तारा फिरत्या प्रोपेलरच्या शेजारून जात होत्या. प्रोपेलर आपल्या जागी फिरत असेपर्यंत त्या अंतराची काळजी करण्याचं कारण नव्हतं.

आठ ते पाच दिवस आधी

९ सप्टेंबरला ऑरव्हिल एकाच दिवसात दोनदा जवळजवळ तासभर उडाले. आधी ५७ मिनिटं, मग ६२ मिनिटं. त्याच संध्याकाळी त्यांनी लेफ्टनंट फ्रँक लाम यांना बरोबर घेतलं. १० तारखेला ६५ मिनिटं झाली, ११ ला ७० मिनिटं. १२ सप्टेंबरला ते १ तास १४ मिनिटं हवेत राहिले आणि मेजर जॉर्ज स्क्वायर यांनाही फेरी घडवली. पाहणाऱ्यांची गर्दी रोज वाढत होती. ज्यांनी कालपर्यंत या भावांवर विश्वास ठेवला नव्हता तेही आता टाळ्या वाजवत होते.

या चार दिवसांनी यंत्राबद्दल खात्री निर्माण केली आणि ती खोटी नव्हती. जे विमान तासाहून अधिक वेळ उडत राहिलं ते भरवशाचंच होतं. मात्र १७ तारखेला जे विमान उडणार होतं ते तंतोतंत तेच नव्हतं.

१७ सप्टेंबर, दिवसभरात

गुरुवार. त्या दिवशी विमानाला नवे प्रोपेलर होते, आधीच्यापेक्षा थोडे लांब. वेगाची कसोटी अजून व्हायची होती, तीही दोन माणसांचं वजन घेऊन. लांब पातं हवेला जास्त रेटा देईल हा हिशेब सरळ होता. पण पातं लांब झालं की त्याचं टोक मोठ्या वर्तुळात फिरतं आणि आसपासच्या प्रत्येक वस्तूपासूनचं त्याचं अंतर कमी होतं.

प्रवासी ठरले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज, वय २६. लष्कराच्या तपासणी मंडळाचे ते सदस्य होते. ते हौशी प्रेक्षक मुळीच नव्हते. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या विमानसंशोधक गटात त्यांनी काम केलं होतं. त्या गटाचं 'रेड विंग' हे पहिलं विमान त्यांच्या आराखड्यावर तयार झालं होतं आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 'व्हाइट विंग' स्वतः एकट्याने चालवलं होतं. ऑरव्हिल यांना ते प्रतिस्पर्धी गटाचे वाटत आणि त्यांच्याबद्दल मनात अढी होती. तरी मंडळाच्या सदस्याला नाही म्हणण्याजोगी परिस्थिती नव्हती.

सेल्फ्रिज यांचं वजन सुमारे ७९ किलो होतं. ऑरव्हिल यांनी तोवर नेलेल्या प्रवाशांमध्ये ते सर्वांत जड. म्हणजे नवे प्रोपेलर आणि सर्वाधिक भार हे दोन्ही एकाच उड्डाणात एकत्र आले. दोन्ही बदल आपापल्या जागी समजण्यासारखे होते. एकत्र आल्यावर मात्र लाकडाच्या त्या पात्यांना पहिल्यांदाच एवढं जड काम पडणार होतं, आणि त्याची परीक्षा एक जिता माणूस शेजारी बसवून होणार होती.

संध्याकाळी ५ नंतर

मैदानावर दोन हजारांहून अधिक लोक जमले होते. सेल्फ्रिज यांनी कोट आणि टोपी काढून मित्राच्या हाती दिली आणि ते ऑरव्हिल यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांच्याही डोक्याला संरक्षण देणारं काही नव्हतं. ती पद्धतच अजून सुरू झाली नव्हती.

५.१४

विमानाला सुरुवातीची ओढ देण्यासाठी उभारलेल्या मनोऱ्यावरचं वजन खाली पडलं. त्या ओढीने विमान लाकडी रुळावरून सरकलं आणि उचललं गेलं. एरवीपेक्षा चढ जरा सावकाश होता, कारण भार जास्त होता. सेल्फ्रिज यांनी खालच्या लोकांकडे पाहून हात हलवला.

पहिली फेरी, दुसरी, तिसरी. यंत्र व्यवस्थित चाललं होतं.

५.१७ च्या सुमारास

चौथी फेरी. विमान जमिनीपासून तीसएक मीटरवर होतं. सगळं सुरळीत वाटतंय म्हणून ऑरव्हिल यांनी या वेळी मोठा फेरा घेतला, वळणं जरा सैल ठेवली. त्यातल्या पहिल्याच संथ वळणावर मागून बारीक टकटक ऐकू आली.

त्यांनी चटकन मागे पाहिलं. काही दिसलं नाही. तरी त्यांनी त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं नाही. इंजिन बंद करायचं आणि मोकळ्या जागेकडे तोंड होताच उतरायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढे विल्बर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा सगळा क्रम नोंदवला आहे. निर्णय बरोबर होता आणि तो जवळजवळ तत्काळ घेतलेला होता. हाताशी उरले होते फक्त दोन-तीन सेकंद.

मागे काय घडत होतं ते नंतर मोडतोडीवरून कळलं. उजव्या प्रोपेलरच्या एका पात्याला लांबीच्या दिशेने तडा गेला होता. तडा गेल्यावर पातं सपाट पडलं आणि हवेला रेटा देईनासं झालं. दुसरं पातं मात्र पूर्ण जोराने काम करत होतं. एकाच आसावरची एक बाजू रेटते आहे आणि दुसरी ढिली आहे, असं झालं की आस थरथरू लागतो. त्या थरथरीने प्रोपेलरला धरून ठेवणारी नळी सैल झाली. प्रोपेलर आपल्या जागेवरून सरकला आणि त्याचं पातं सुकाणूच्या तारेपर्यंत पोहोचलं.

शेवटचे काही सेकंद

दोन मोठे दणके बसले. अख्खं विमान हादरलं. तार पात्याला गुंडाळली गेली, तिने पातंही मोडलं आणि ती स्वतःही उखडली. विमान उजवीकडे ओढलं जाऊ लागलं. ऑरव्हिल यांनी इंजिन बंद केलं. सुकाणूचा दांडा हलवला, तर त्याला काहीच प्रतिसाद नाही. मग पंखांना पीळ देऊन विमान सरळ करायचा प्रयत्न केला.

राइट बंधूंचं विमान इंजिनाशिवायही घसरत खाली येऊ शकत होतं. किंबहुना इंजिन बसवण्याच्या कितीतरी आधी किटी हॉक या ठिकाणच्या वाळूवर ते हेच शिकले होते. इंजिन बंद पडणं त्यांच्यासाठी संकट नव्हतं. प्रोपेलर मोडण्यावरच सगळं थांबलं असतं तर मैदानाच्या एका टोकाला कसंबसं उतरता आलं असतं. पण तारेचा आधार गेल्यावर मागचं उभं सुकाणू आडवं कलंडलं. उभं असताना ते विमानाला डावी-उजवीकडे वळवायचं. आडवं झाल्यावर ते हवेत पसरून शेपूट वर रेटू लागलं आणि नाक खाली गेलं.

सुमारे २० ते २५ मीटरवरून विमान जवळजवळ उभं खाली निघालं. ऑरव्हिल यांनी पुढचं सुकाणू पूर्ण ताकदीने वर ओढून धरलं. सेल्फ्रिज यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या तोंडून जेमतेम ऐकू येईल असा उद्गार निघाला. जमीन सात-आठ मीटरवर असताना नाक उचलायला लागलं होतं. आणखी थोडी उंची असती तर विमान सावरलं असतं, असं ऑरव्हिल यांचं पुढे मत झालं.

५.१८ च्या सुमारास

विमान आदळलं. धुळीचा लोट उठला. लोक धावत सुटले, घोडदळाच्या सैनिकांनी गर्दी मागे रेटली. चार्ली टेलर आधी पोहोचलेल्यांमध्ये होते. तारा आणि मोडक्या लाकडांखालून दोघांना बाहेर काढलं. टेलर यांनी ऑरव्हिल यांची कॉलर सैल केली आणि मग मोडलेल्या पंखाला टेकून ते रडू लागले. ऑरव्हिल वाचण्याची शक्यता आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच ते सावरले. ज्या इंजिनाने विमानाचं जगातलं पहिलं उड्डाण झालं ते याच माणसाने बनवलं होतं. या विमानाचा प्रत्येक सांधा त्यांच्या ओळखीचा होता.

ऑरव्हिल यांची डावी मांडी मोडली होती, अनेक बरगड्या तुटल्या होत्या, कमरेला जबर मार होता. सेल्फ्रिज यांच्या कवटीला तडा गेला होता.

रात्री ८.१०

तळावरच्या इस्पितळात सेल्फ्रिज यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ते शुद्धीवर आलेच नाहीत. ८ वाजून १० मिनिटांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना शेजारच्याच आर्लिंग्टन कब्रस्तानात दफन करण्यात आलं.

पुढचे दिवस

डेटनमध्ये शाळेत लॅटिन शिकवणारी बहीण कॅथरिन बातमी कळताच आगगाडीने वॉशिंग्टनला निघाली. पुढचे सहा-सात आठवडे ती भावाच्या उशाशी होती. नंतर ती शिक्षिकेच्या नोकरीवर परतली नाही. फ्रान्समध्ये विल्बर यांना बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. त्यांनी त्या दिवसाचं उड्डाण रद्द केलं. आपण तिथे असतो तर हे घडलं नसतं, ही बोच त्यांना लागून राहिली. २१ सप्टेंबरला मात्र ते पुन्हा उडाले आणि दीड तास हवेत राहून त्यांनी नवा विक्रम केला.

ऑरव्हिल यांनी खाटेवर पडून मोडलेल्या भागांचा माग काढला. तडा, थरथर, सैल नळी, तार, सुकाणू ही साखळी त्यातूनच जुळली. दोष वैमानिकाचा नाही, असं लष्करानेही मान्य केलं. दहा महिन्यांनी, ३० जुलै १९०९ रोजी, ते त्याच मैदानावरून लेफ्टनंट बेंजामिन फुलॉय यांना घेऊन उडाले. ताशी ४२.५८ मैल वेग नोंदवला गेला आणि करार पूर्ण झाला. जादा वेगाच्या बक्षिसासह लष्कराने ३० हजार डॉलर दिले. कमरेची दुखापत मात्र ऑरव्हिल यांनी जन्मभर सोसली. तिथली काही हाडं मोडली होती हे कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळलं.

अडुसष्ट वर्षांनंतर, मुंबई

१२ ऑक्टोबर १९७६. मध्यरात्र उलटून गेल्यावर इंडियन एअरलाइन्सचं कॅरावेल विमान सांताक्रूझहून मद्रासला निघालं. आत ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. उड्डाणानंतर लगेच उजवं इंजिन फुटलं. इंजिनातल्या कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यातल्या तबकडीला धातू थकल्यामुळे तडा गेला होता. वैमानिकांनी विमान उतरवण्यासाठी मागे वळवलं. कॅरावेल एका इंजिनावर परत येऊ शकत होतं, तशीच त्याची रचना होती. पण तबकडीच्या तुकड्यांनी इंधनाची नळी कापली होती. इंधनाने पेट घेतला. आगीत हायड्रॉलिक तेल संपलं. याच तेलाच्या दाबावर सुकाणू हलायची. धावपट्टी समोर असताना, तिच्या थोडं अलीकडे, विमान ताब्याबाहेर गेलं. ९५ पैकी कुणीही वाचलं नाही.

लाकडाच्या जागी पोलाद आलं, तारेच्या जागी तेलाची नळी आली. क्रम मात्र तोच राहिला : फिरणाऱ्या भागाला तडा, तुटलेला तुकडा शेजारच्या नळीवर, मग सुकाणू निकामी आणि उतरताना घात. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला युनायटेड कंपनीचं डीसी-१० याच क्रमाने कोसळलं. त्या विमानात हायड्रॉलिकच्या तीन वेगवेगळ्या यंत्रणा होत्या. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. पण शेपटीत तिन्हींच्या नळ्या जवळजवळ होत्या आणि मागच्या इंजिनाच्या फुटलेल्या तबकडीने तिन्ही एकदम निकामी केल्या. विमानातल्या २९६ जणांपैकी ११२ मरण पावले. त्यानंतर डीसी-१० मध्ये अशी झडप बसवली गेली, की मागे नळी फुटली तरी सगळं तेल वाहून जाऊ नये.

आज, घरी बांधलेलं विमान

महाराष्ट्रात घरी बांधलेलं विमान म्हटलं की कॅप्टन अमोल यादव यांचं नाव निघतं. कांदिवलीतल्या चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान उभं केलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणीसाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. ती २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. परवानग्यांच्या दिरंगाईबद्दल त्यांना आणि त्यांच्या चाहत्यांना आलेला संताप रास्त होता. टप्प्याटप्प्याने चाचणी घेण्याचा आग्रह मात्र दिरंगाईपेक्षा वेगळा आहे आणि तो सोडता कामा नये.

अमेरिकेत हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला आधी ठरलेल्या क्षेत्रात साधारणपणे २५ किंवा ४० तास उडावं लागतं. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५, नसेल तर ४०. या काळात हौसेखातर कुणालाही प्रवासी म्हणून नेता येत नाही. ज्याने यंत्र बांधलं, त्याने धोका आधी स्वतःच्या अंगावर घ्यायचा. फोर्ट मायरला नवे प्रोपेलर आधी एकट्याने उडवून तपासले असते तर पात्याला तडा कदाचित तरीही गेला असता. पण विमान हलकं असतं, आणि मुख्य म्हणजे शेजारची जागा रिकामी असती.

बांधणाऱ्याच्या हाती आणखी एक उपाय आहे आणि त्याला परवानगी लागत नाही. विमान जमिनीवर असताना फिरणाऱ्या प्रत्येक भागापाशी उभं राहायचं आणि तो या क्षणी तुटला असं धरून चालायचं. तुकडा कोणत्या दिशेला जाईल? वाटेत तार आहे, इंधनाची नळी आहे की सुकाणूचा दांडा? जे वाटेत येईल ते हलवायचं. हलवता येत नसेल तर त्याला आडोसा करायचा, किंवा त्याच कामासाठी दुसरी वाट दूरच्या बाजूने न्यायची. कुठलीही वस्तू कधी तुटणारच नाही याची हमी राइट बंधू देऊ शकले नाहीत, पुढे मोठ्या कंपन्याही देऊ शकल्या नाहीत. एक वस्तू तुटल्यावर दुसरी शाबूत राहील एवढी व्यवस्था मात्र माणसाला करता येते. घरच्या गच्चीवर स्पॅनर घेऊन उभ्या असलेल्या एकट्या माणसालाही ती करता येते, आणि शेजारी कुणाला बसवण्याआधी ती करणं हे त्याचं कर्तव्य आहे.